माळवा ज्यांनी ऐकला : कुमार गंधर्व आणि आपण

तुकोगंजातून निघून आग्रा-मुंबई रस्त्याला लागले, की क्षिप्रेचा पूल ओलांडून तासाभरात देवास येते. हा रस्ता आपण किती वेळा केला असेल याची गणती नाही. कोणी माताजींच्या टेकडीवर नवस फेडायला, कोणी सोयरिकीच्या बोलण्यासाठी, कोणी नोकरीपायी. जुन्या पिढीतील काही मंडळी मात्र त्याच टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ‘भानुकुल’ नावाच्या घरी गाणे ऐकायला म्हणून जात. त्या घरी राहणारे गृहस्थ जन्माने मराठी नव्हते, माळव्याचेही नव्हते. तरीही मराठी कविता आणि माळवी लोकगीत या दोहोंना त्यांनी जे दिले, ते या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यापैकी कोणालाही देता आले नाही. पंडित कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. त्या निमित्ताने त्यांच्या रागदारीवर, बंदिशींवर, घराण्याच्या वादावर पुष्कळ लिहिले गेले. या टिपणाचा हेतू मर्यादित आहे. एक कानडी मुलगा मुंबईच्या मराठी वातावरणात वाढतो, माळव्यात येऊन स्थिरावतो आणि अनेक भाषांतून गातो व रचना करतो, या प्रवासाकडे आपल्यासारख्या स्थलांतरित घराण्यांनी कसे पाहावे, एवढाच येथे विचार आहे.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी झाला. घरची भाषा कानडी, घराणे लिंगायत, वडील स्वतः गाणारे. बेळगावचा परिसर हा कानडी आणि मराठी यांच्या सरमिसळीचा. तेथे एका गल्लीत दोन्ही भाषा नांदतात आणि दोन्हीकडच्या गाण्यांना दोन्हीकडचे श्रोते असतात. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. शब्द कोणत्या भाषेतले आहेत, त्यांचा अर्थ काय, हे कळण्याचे ते वय नव्हते. कान मात्र असा होता, की आवाजातील बारीकसारीक हेलकावाही सुटत नसे. एका लिंगायत मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

१९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने जाणत्यांना थक्क करून सोडले. त्याच सुमारास प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात त्याची रवानगी झाली. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, परंतु वृत्तीने एका घराण्याच्या कुंपणात न मावणारे. सर्व घराण्यांच्या गवयांची त्यांच्याकडे ये-जा असे, आणि पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. गिरगावच्या मराठमोळ्या वस्तीत, अशा गुरूच्या घरी, कुमारांची घडण झाली. पुढे अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांना विद्या मिळाली. नक्कल करणाऱ्या मुलाचा विचार करणारा गायक झाला तो येथेच. मराठी ही त्यांची दुसरी भाषा खरी, पण ती शाळेच्या पुस्तकातून आलेली नव्हती. ती गुरुगृहातून, मैफलीच्या गप्पांतून आली होती, आणि म्हणूनच ती त्यांच्या अंगी मुरली.

एप्रिल १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाचे निदान झाले. त्या काळी क्षय म्हणजे जवळजवळ मृत्युपत्रच. कोरडी हवा मानवेल म्हणून माळव्यात जाण्याचे ठरले. ३० जानेवारी १९४८ रोजी कुमार गंधर्व देवासला पोहोचले. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

ते वर्ष आपल्याही इतिहासात कलाटणीचे आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मराठे माळव्यात आले ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. होळकर, शिंदे, पवार यांच्या पाठोपाठ शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य, कीर्तनकार अशी कुटुंबेच्या कुटुंबे आली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि आपले वाडे येथे उभे राहिले. देवासला तर पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. या दरबारांमुळे मराठीला येथे मान होता, नोकरी होती, रंगभूमी होती. मे १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारत संघात विलीन झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही मध्य प्रदेशात सामावला. राजाश्रय संपला. ज्या वर्षी आपली घराणी आपला आधार गेला म्हणून अस्वस्थ होती, त्याच वर्षी एक आजारी, निर्धन, गाण्याची मनाई असलेला तरुण गवई देवासला येऊन अंथरुणाला खिळला होता.

डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी धरून संसार चालविला आणि पतीची शुश्रूषा केली. सुमारे पाच वर्षे हे चालले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध उपलब्ध झाले, प्रकृतीला उतार पडला, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस मात्र कायमचे दुबळे राहिले. या पाच वर्षांचे वर्णन बहुधा ‘मौनाचा काळ’ असे केले जाते. ते मौन गळ्याचे होते, कानाचे नव्हते. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायका, जात्यावर, लग्नात, बाळंतिणीच्या खोलीत गाइली जाणारी गाणी, पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांची गाणी, दारावरून जाणारे नाथपंथी जोगी, असा सारा माळवा त्यांच्या कानांवरून जात होता. आयुष्यात प्रथमच, स्वतः न गाता केवळ ऐकत राहण्याची वेळ त्या गायकावर आली होती.

आता थोडे आपल्याविषयी. हीच गाणी आपल्याही वाड्यांत होती. श्राद्धपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढीत आणि संध्याकाळी तिच्यासमोर गात. तिची आणि आपल्या भोंडल्या-भुलाबाईची जातकुळी एकच, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. धान्य निवडायला येणारी बाई गुणगुणत असे, दूधवाल्याच्या घरी लग्न निघाले की रात्रभर बन्ना-बन्नीचे सूर येत. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी याला ‘त्या लोकांची गाणी’ म्हणत. त्यात द्वेष नव्हता, पण एक रेघ होती. मराठी ही घरातली, हिंदी ही कचेरीतली आणि माळवी ही ओसरीपलीकडची. दोन-अडीचशे वर्षे शेजारी राहूनही आपल्यापैकी फारच थोड्यांना त्या गाण्यांचे शब्द सांगता येतील. ‘म्हारो’ आणि ‘थारो’ यांचा सूर आपण ओळखतो, मात्र आपण तो बाजारात भाव करताना वापरला, गाणे समजून घेण्यासाठी नव्हे. वास्तविक मराठीला जवळचा असलेला ‘ळ’ माळवीत आहे आणि कानडीतही आहे, खडी बोलीत मात्र नाही. कुमारांच्या कानाला ही भाषा परकी वाटली नसावी. आपल्याला ती परकी वाटण्याचे तर काहीच कारण नव्हते.

कुमारांनी ही गाणी नुसती ऐकली नाहीत, तर ती जमविली, स्वरलिपीत उतरवली आणि त्यांच्यावर विचार केला. लोकगीताची धुन बहुधा तीन, चार, फार तर पाच स्वरांत फिरते. कडव्यामागून कडवे त्याच चालीवर येते. विस्तार करणे हा तिचा हेतूच नसतो, शब्द आणि प्रसंग पुढे नेणे हा असतो. रागाचे तसे नाही. त्याला आरोह-अवरोह हवा, विसाव्याच्या जागा हव्यात, आलापाला आणि तानेला वाव हवा. कुमारांचे म्हणणे असे, की या दोन गोष्टी वेगवेगळ्या मुलुखांतल्या नसून रागाचा उगमच धुनेत आहे. काही धुनांत रागाचे बीज स्पष्ट दिसते, ते ओळखून वाढविता येते. प्रत्येक धुनेचा राग होत नाही, हेही ते जाणून होते. ज्या धुनांत ती शक्ती आढळली, त्यांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले. मालवती, संजारी, निंदियारी, लगनगंधार, सहेली तोडी, भवमत भैरव, अहिमोहिनी, मघवा ही त्यांतील काही नावे. या रागांना त्यांनी ‘धुन-उगम राग’ म्हटले. आपल्या रागाचे कुळ एखाद्या पुराण-पुरुषापर्यंत नेऊन भिडविण्याची आपल्याकडे हौस असते. येथे एका श्रेष्ठ गायकाने आपल्या रागाचे माहेर खेड्यातील बायकांच्या गाण्यात आहे असे उघड सांगितले. १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांचे हे राग आणि बंदिशी वाचावयास मिळतात.

यावरून हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याची आठवण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो आपला मित्र कोदाय याच्यासह खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी फोनोग्राफवर उतरवून घेऊ लागला. तो हंगेरियन गाण्यांपाशी थांबला नाही. शेजारच्या रुमानियन आणि स्लोव्हाक लोकांची गाणीही त्याने तितक्याच आस्थेने गोळा केली, आणि त्याबद्दल स्वजनांची टीका सोसली. शेजाऱ्याचे गाणे ऐकल्याने स्वतःचे गाणे पातळ होत नाही, उलट त्याची मुळे कोठवर गेली आहेत ते कळते, हा त्याचा अनुभव. कुमारांचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. फरक इतकाच, की बार्टोक गाण्यांच्या शोधात गावोगाव गेला, आणि कुमारांच्या खाटेपाशी गाव आपण होऊन चालत आले.

दारावरच्या जोग्यांनी त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे निर्गुण. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथाची गायनपरंपरा तेथे आणि आसपासच्या खेड्यांत जिवंत होती. एकतारीवर गाइल्या जाणाऱ्या त्या भजनांतील कबीर हा पाठ्यपुस्तकातल्या दोह्यांचा कबीर नव्हे. त्या गाण्यात एक सरळपणा, एक फेकलेला स्वर आणि त्या स्वराभोवती पसरलेली पोकळी आहे. शास्त्रीय गायकाला भजन गाताना गोड होण्याचा मोह फार. कुमारांनी तो मोह टाळला. जोग्याच्या गळ्यातला तो एकाकीपणा त्यांनी मैफलीत आणला आणि कबीर गाण्याची रीतच बदलून टाकली. सूर, मीरा आणि कबीर यांचा ‘त्रिवेणी’ हा कार्यक्रम, तुलसीदासांवरील आणि तुकारामांवरील ‘एक दर्शन’ या नावाचे कार्यक्रम, ऋतूंवरचे ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ ही सारी योजना पाहिली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ब्रज, अवधी, राजस्थानी, माळवी, मराठी अशा अनेक भाषा त्यांत आहेत, आणि त्यांतील कोणतीही भाषा नमुन्यादाखल घेतलेली नाही. प्रत्येक भाषेचा उच्चार, तिची लय, तिच्यातील शब्दाचे वजन त्यांनी वेगळे जपले आहे. ख्यालातील शब्द म्हणजे स्वर टांगण्याची खुंटी, असे मानणारे गवई थोडे नाहीत. कुमारांच्या गाण्यात शब्द आपला अर्थ घेऊनच येतो.

आपल्या दृष्टीने यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. माळवीत इतका रमलेला हा गायक मराठीपासून दूर गेला नाही. भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, मृत्यू १९४१ मध्ये ग्वाल्हेरचा. आयुष्य सारे मध्य भारतात गेले. म्हणजे ते आपले कवी, बृहन्महाराष्ट्राचे कवी. त्यांच्या कवितेत गेयता आहे असे समीक्षक म्हणतच होते. कुमारांनी ‘तांबे गीत रजनी’ या कार्यक्रमात ती प्रत्यक्ष गाऊन दाखविली. तांब्यांच्या कवितेत माळव्याची संध्याकाळ आणि उत्तरेकडील गाण्याचा ढंग मुरलेला आहे, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना पटवून देण्यास माळव्यात राहणाराच गायक हवा होता. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात त्यांनी नक्कल कटाक्षाने टाळली. बालपणी नकलेवर प्रसिद्धी मिळविलेल्या गायकाने, बालगंधर्वांचा केवळ भाव घेऊन त्यांची पदे स्वतःच्या गळ्याने मांडावी, यात त्यांचा सारा प्रवास सामावला आहे. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी त्यांनी वाणी जयराम यांच्यासह गाइलेले द्वंद्वगीत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. एका गळ्याची मातृभाषा कानडी, दुसऱ्याची तमिळ, आणि ते गाणे ऐकताना कोणत्याही मराठी माणसाला त्यात परकेपणाचा लवलेश जाणवलेला नाही.

त्यांच्यावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नव्हे. घराण्याची शिस्त त्यांनी मोडली, ख्यालाची ठरलेली चढती मांडणी सोडली, तुटक तुटक स्वरवाक्ये घेतली, अशी टीका त्या काळच्या जाणत्यांनी केली. दम कमी पडतो म्हणून त्यांनी असे गाणे बसविले, असेही म्हटले गेले. दुबळ्या फुप्फुसाचा परिणाम नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मर्यादेमुळे माणूस एका वाटेला लागतो आणि त्या वाटेवर तो काय पाहतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आखूड, धारदार स्वरवाक्य लोकगीतातही असते. त्यांच्या गाण्यातील विराम हा केवळ श्वास घेण्यासाठी होता असे मानले, तर त्या विरामात श्रोता का स्तब्ध होत असे याचे उत्तर मिळत नाही.

या सर्व काळात इंदूर त्यांच्या पाठीशी होते, ही आपल्या समाधानाची बाब. रामूभैया दाते यांच्यासारखा रसिक येथे होता, ज्यांच्या घरी गाण्याला आणि गवयाला सारखाच मान मिळे. त्यांचे चिरंजीव अरुण दाते यांना आरंभीचे शिक्षण कुमारांकडूनच मिळाले आणि मराठी भावगीताला एक मृदू आवाज लाभला. ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते आणि चित्रकार विष्णु चिंचाळकर हे कुमारांचे जिवलग. बारपुते हे मराठी घरातले, पण त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. चिंचाळकर गुरुजी वाळक्या फांदीत आणि टाकाऊ वस्तूत आकार शोधीत. कानडी गायक, हिंदीत लिहिणारा मराठी संपादक आणि माळव्याच्या मातीत रमलेला मराठी चित्रकार या तिघांच्या मैत्रीत भाषेचा प्रश्न कधी आडवा आला नाही, कारण प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत काहीतरी मोलाचे पाहिले होते.

१९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. त्यांचा जन्म जमशेदपूरचा, वाढ कलकत्त्याची, म्हणजे त्याही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या. मुकुल शिवपुत्र, कलापिनी आणि नातू भुवनेश यांच्या रूपाने गाणे पुढे चालू आहे. कुमारांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. पाहुणा म्हणून, औषधापुरता आलेला माणूस चव्वेचाळीस वर्षे राहिला.

आज आपल्या घरांतून मराठी कमी होत चालली आहे, ही चिंता प्रत्येक सभेत व्यक्त होते आणि ती खरी आहे. नातवंडे आजीला हिंदीत उत्तर देतात. यावर आपण बहुधा एकच उपाय सांगतो, तो म्हणजे दारे घट्ट लावून घेण्याचा. कुमार गंधर्वांचे चरित्र दुसरी दिशा दाखविते. त्यांनी कोणत्याही भाषेचा अभिमान धरून दुसरीला ओसरीवर थांबविले नाही, आणि तरी मराठी कवितेची इतकी निगा घेतली, की ती ज्यांची मायबोली, त्यांनाही ती त्यांच्याकडून नव्याने कळली. भाषा टिकते ती पेटीत ठेवल्याने नव्हे, गळ्यात राहिल्याने. आणि गळ्यात राहायची, तर तिला आधी कान हवा.

एक ऋण मात्र अजून फिटलेले नाही. ज्यांच्या धुनांतून ते राग उगवले, त्या बायकांची नावे आपल्या स्मरणात कोठेच नाहीत. त्या आपल्याच गावच्या, आपल्याच ओसरीवरून जाणाऱ्या होत्या. त्यांच्या मुली-नाती आजही देवास, सांवेर, उज्जैनच्या खेड्यांतून आहेत, आणि श्राद्धपक्षात काही भिंतींवर अजून संजा निघते. आपल्या सभेजवळ वेळ आहे, लिहिणारे हात आहेत, आणि आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. जे गाणे आपण दोनशे वर्षे ओसरीपलीकडे ठेवले, ते गाणारीच्या नावासह उतरवून घेण्यास आजही उशीर झालेला नाही. येत्या श्राद्धपक्षापासून आरंभ करता येईल.